दिवेलागणीचा मिसकॉल

त्या संध्याकाळी ज्वारीचं शेवटचं दळण पडत होतं. माझी सून जयमाला गिरणीच्या तोंडाशी डबा धरून बसली होती, आणि एकाएकी तिचा हात कमरेकडे गेला. पदराआड खोचलेल्या कापडी पिशवीत तिचा मोबाईल थरथरत होता. तिनं तो काढला, डोळ्यांसमोर धरला आणि थरथर थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग स्वतः एक बटण दाबलं, कानाला न लावताच क्षणभर थांबली, बंद केला, पिशवीत टाकला. आणि गालातल्या गालात हसली.

डब्यांच्या रांगेमागून मी हे सगळं बघत होते. रोज दिवेलागणीला फोन यायचा, रोज ती उचलायची नाही, आणि रोज हसायची. लग्न होऊन घरात आल्यापासून हे असंच चाललं होतं.

माझी थोरली नणंद, शेवंता वन्सं, तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी गिरणीच्या आवाजात माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडल्या, "बघितलंस का सुला? आज बी आला!"

मी मान हलवली. बघण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हे. मालक गेल्यापासून ही गिरणी मी एकटीनं चालवली आहे. गिरणीवालीला संशयी असावंच लागतं. कुणी ओला गहू खाली आणि सुका वर घालून आणतं, कुणी पीठ नेऊन दुसऱ्या दिवशी भांडायला येतं की तुम्ही आमचं पीठ मारलं. अशा गावात भाबडं राहिलं तर जात्यात आपणच भरडून निघू. त्यामुळे संशय घेतला म्हणून मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

पण हा संशय गव्हाचा नव्हता. माझा हणमंता कोंबडीखाद्याच्या गाडीवर ड्रायव्हर. एकदा निघाला की चार-चार दिवस घरी नसायचा. त्यानंच लग्न ठरल्यावर हौसेनं बायकोला फोन घेऊन दिलेला. साधाच, बटणांचा. माझ्याकडेही तसलाच होता. टॉर्च आणि रेडिओ सोडला तर त्यात काही नव्हतं, पण एकदा चार्जिंग केलं की आठवडाभर मरत नसे.

मरायचा तो पिठानं. आमच्या गिरणीत पीठ हवेतच असतं. केसात जातं, भुवयांवर बसतं, आणि फोनला तर शोधून काढतं. बटणांच्या फटीत बसलं की पाच दाबलं तर आठ उमटतं. चार्जिंगच्या भोकात गेलं की पिन धरत नाही. पहिला फोन मी असाच घालवला. म्हणून नंतर मी नियमच केला होता. फोन दुधाच्या पिशवीत घालून रबर लावायचा आणि कापडी बटव्यातून कमरेला खोचायचा. आठवड्यातून एकदा मागचं झाकण काढायचं, बॅटरी बाहेर घ्यायची, जुन्या दातांच्या ब्रशानं फटी झाडायच्या, कोरड्या फडक्यानं पुसायचं. फुंकर मारायची नाही, तोंडाचा ओलावा लागला की पिठाची कणीक होते. आणि फोन थरथरीवर ठेवायचा, कारण गिरणीत रिंग कुणाच्या बापाला ऐकू येणार? दोघींचे फोन झाडायचं काम माझ्याकडे होतं. सून नवी, आणि ब्रश माझा.

गिरणी चालू असली की आमच्या घरात बोलणं बंद. सगळं हातानं. चिमूट चोळली की बारीक दळायचं, मूठ अर्धी उघडली की जाडं, तळहात उलटा केला की परत एकदा घाल. मला हे जमायला नाही म्हटलं तरी वर्ष गेलं होतं. जयमालानं दोन दिवसांत उचललं. उचललं काय, माझ्या पुढं गेली. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या बाईचे नुसते ओठ हलले तरी हिला कळायचं की बाजरी आहे आणि घाई आहे.

"लई हुशार हाय गं," मी वन्संना म्हणाले होते.

"हुशारच असत्यात असल्या," वन्सं म्हणाल्या.

फोन झाडताना मी आत बघितलं नव्हतं असं नाही. त्यात एकच नंबर ओळीनं खाली खाली गेलेला. त्याला नावच नव्हतं. हणमंताचं नाव घातलेलं, माझं घातलेलं, गॅसवाल्याचंसुद्धा घातलेलं, आणि रोजच्या फोनला नाव नाही!

एकदा भाकरी थापताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाचा गं फोन येतो रोज सांजचा?"

तिची भाकरी तव्यावर पडायच्या आधीच मोडली. "मैत्रीण हाय, आत्या."

"मग बोलत का न्हाईस?"

"तिच्यात बॅलन्स नसतो."

"तुझ्यात तर असतोय. हणमंता घालतोय की."

तिनं पिठाचा दुसरा गोळा घेतला. मी दुसऱ्या बाजूनं गेले. "आईचा फोन येत न्हाय कधी तुझ्या?"

"आईला फोनवर बोलायला जमत न्हाय," ती म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. चुलीला फुंकर नको होती, जाळ चांगला होता.

तिची आई मी एकदाच, लग्नात बघितली होती. माणदेशातल्या पळसमळा नावाच्या लहानशा वाडीतली विधवा बाई. सगळा व्यवहार तिच्या भावानं केला, कन्यादान त्यानं आणि त्याच्या बायकोनं केलं. विधवा बाई मांडवात पुढं येत नाही, तशी तीही मागं खांबाला धरून उभी होती. निघताना माझ्यापुढं आली, हात जोडले आणि नुसती रडली. लेकीची आई रडणारच, मी मनावर घेतलं नाही. नंतर ती कधी आमच्याकडे आली नाही, तेही रीतीला धरूनच होतं. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं जुनं माणूस पाळतं.

त्या ज्वारीच्या दळणाच्या रात्री जेवणं झाल्यावर वन्संनी मला घरामागच्या परड्यात गाठलं.

"सुला, परवा हणमंता यील. तू सांगणार का मी सांगू?"

"काय सांगायचं? एक फोन येतो आन् ती उचलत न्हाय, एवढंच की."

"तेच सांगायचं! खूण हाय ती. ह्यानं वाजवायचं, तिनं वाजवायचं. आपला भोळा सांब गाडीवर, आन् हिचा संसार फोनवर. मी असते तर त्याच पावली माहेरी घालवली असती. घरात मूलबाळ व्हायच्या आत निकाल लागलेला बरा."

वन्सं फटकळ होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्यांच्या पोराचा संसार असाच कुणाच्या तरी चोरट्या बोलण्यानं मोडला होता, आणि पोरगं अजून भिंतीकडे तोंड करून झोपत होतं. हणमंताही हळवा. त्याच्या कानावर हे गेलं तर तो ओरडणार नाही, मारणार नाही, नुसता आतून विझेल, एवढं मला आई म्हणून कळत होतं. आणि पोरगी मला आवडत होती, हे माझं खरं दुखणं होतं.

"उद्याच्याला मी बघते," मी म्हणाले. "बघितल्याबिगर कुणी काय बोलायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. गिरणी बंद. मी ब्रश काढला आणि म्हणाले, "आण गं तुझा फोन. झाडून ठेवते."

तिनं पिशवीसकट काढून दिला, पण हात जरा रेंगाळला. "लवकर द्या आत्या. दिवं लागायच्या आत."

झालं! माझ्या मनात राहिलेली शंका या एका वाक्यानं पक्की केली. मी फोन झाडला, पुसला, बॅटरी घालून चालू केला आणि माझ्याच कमरेला खोचला. वीज आली तशी गिरणीवर झुंबड उडाली. मी जयमालाला गिरणीशी बसवलं आणि आत सैपाकघरात येऊन उभी राहिले. वन्सं दाराशी. बाहेर उजेड विरत चालला होता. जयमाला दळता दळता माझ्याकडे वळून बघायची, हातानं विचारायची, फोन? मी हातानंच सांगायची, थांब.

आणि तो थरथरला.

मी मागचं दार ओढून परड्यात गेले, तिथं गिरणीचा आवाज कमी येतो. बिननावाचा तोच नंबर. मी हिरवं बटण दाबलं.

"हॅलो! कोण बोलतंय?"

पलीकडून काहीच नाही. नाही कसं, कोंबडी कलकलत होती. शेळीच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं. कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी जवळ.

"अरं बोल की! रोज वाजवायला येतंय, बोलाया येत न्हाय? तोंडात मूग धरलंस व्हय? तोंड हाय का न्हाय तुला?"

श्वास एकदम थांबला. घशातून कसला तरी आवाज आला, धड शब्द नाही, धड हुंदका नाही. आणि फोन बंद झाला.

"कोण हुतं?" वन्संनी विचारलं.

"गप बसला मेला."

"मैत्रीण असती तर गप बसली असती का? मग?"

मी झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली. थोड्या वेळानं जयमाला धावत आत आली, पापण्यांसकट पांढरी झालेली.

"आत्या, फोन?"

"पीठ गेलंय आत लांबवर. खोलून ठेवलाय. उद्याच्याला हणमंता आला की त्यो बघंल."

"वाजला हुता का?"

मी वन्संकडे बघितलं. वन्सं तांदूळ निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "न्हाय बाई. काय वाजलं न्हाय."

जयमालाचा चेहरा आणखी उतरला. "एकच मिसकॉल द्यायचा हुता."

"माझ्यावरनं दे की," मी माझा फोन पुढं केला. "चांगलं बोल, किती बोलायचं तेवढं."

तिनं पाठ असलेला नंबर दाबला. कानाला लावला नाही, हातातच धरला, मग बंद केला आणि बघत बसली. माझ्या फोनवर परत काही आलं नाही. तिनं पुन्हा लावला, पुन्हा बंद केला, पुन्हा वाट बघितली.

"तुमचा नंबर ठाव न्हाय तिला," ती स्वतःशीच म्हणाली.

"कुणाला?"

ती उठून गेली. त्या रात्री तिनं ताटाला हात लावला नाही. वन्संनी मला डोळ्यांनी खुणावलं, बघ कसा जीव खालीवर होतोय. मीही तेच बघत होते. आणि का कोण जाणे, त्या फोनमधला तो घशातला आवाज माझ्या कानातून जात नव्हता.

सकाळी पहिली एसटी आली तेव्हा मी गिरणीचं दार उघडून दळणाचे डबे ओळीत लावत होते. गाडीतून एक बाई उतरली. तांबडं लुगडं, पायात वहाणा नाहीत, हातात आमची पिशवी. आमचीच. लग्नात आहेराला म्हणून आम्ही पिशव्या छापून घेतल्या होत्या, 'भैरवनाथ पिठाची गिरणी' आणि खाली गावाचं नाव. ती पिशवी दोन्ही हातांनी छातीपुढं धरून, छापील बाजू पुढं करून, ती रस्त्यातल्या माणसांना दाखवत येत होती. कंडक्टरनं तिला हातानं आमचं घर दाखवलं.

मी ओळखलं. जयमालाची आई, हौसाबाई.

"या की इव्हिनबाई," मी म्हणाले. "एवढ्या सकाळी? सगळं बरं हाय न्हवं?"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या अंगावरून पुढं गेली, सरळ आत. सैपाकघरातून जयमाला बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. हौसाबाईनं पिशवी टाकली. लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, एक गाल बघितला, दुसरा बघितला. मग तिच्या बाह्या वर सारल्या, दंड बघितले, मनगटं बघितली. पाठ फिरवायला लावून पाठीवरून हात फिरवला. कुठं वळ आहे का, कुठं डाग आहे का, ते ती शोधत होती. माझ्यासमोर, माझ्या घरात.

मला राग यायला हवा होता. पण तेवढ्यात तिच्या घशातून आवाज निघाला, कालचाच, फोनमधला.

जयमाला हातांनी बोलायला लागली. भराभर. तिच्या बोटांचा वेग मी गिरणीत कधी बघितला नव्हता. हौसाबाई तिच्या हातांकडे बघत होती, मग स्वतः हात उडवत होती, कमरेच्या बटव्यातून आपला फोन काढून दाखवत होती. तसलाच बटणांचा फोन, वरून धाग्यानं करकचून बांधलेला.

"आगं बया!" वन्सं दारात उभ्या होत्या. "मुकी हाय व्हय ही!"

"बहिरी हाय," जयमाला आमच्याकडे वळली. डोळ्यांतून धार लागली होती, पण आवाज स्थिर होता. "लहानपणी ताप डोक्यात गेला, तवापास्नं ऐकू येत न्हाय. बोलायचं बी ऱ्हायलं मग. मी सासरी येताना आम्ही ठरवलं हुतं. रोज दिवं लागलं की आई मिसकॉल देणार. फोन थरथरला की तिला कळतंय. मी परत दिला म्हंजे मी बरी हाय. आन्..."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"आन् काय?" मी विचारलं.

"आन् मी कधी उचलला, तर मला तरास हाय, तू ये. तिला ऐकू येत न्हाय, पर फोन उचलला की वरचं आकडं पळाय लागत्यात, ते दिसतंय तिला. आत्या, काल तुम्ही उचललासा व्हय?"

मी मान हलवली. चुकलं म्हणायची मला सवय नाही. तोंड हाय का न्हाय तुला, असं मी हिला विचारलं होतं. ते हिला ऐकू गेलं नाही, एवढीच देवाची कृपा. आकडे पळताना बघून ही बाई पहाटेच्या गाडीची वाट बघत बसली असेल, मग शेळी कुणाच्या तरी दारात बांधून, एक अक्षर न बोलता दोन गाड्या बदलून आली. लेक मारली जातेय, या एका समजुतीवर.

"आधी का सांगितलं न्हाईस?"

"दोन सोयरिकी ह्याच्यावरनंच मोडल्या हुत्या. मामा म्हणला, लगीन हुंदे, मग सांग. मग तुमची नजर बघितली की धीर हुईना झाला."

वन्संना आता कंठ फुटला. "फसवलं म्हन की! आमच्या पोराच्या गळ्यात बांधली! उद्या नातवंडं मुकी-बहिरी निघाली म्हंजे? सुला, आयकतीस का? ह्या मायलेकीला ह्याच गाडीनं परत घाल. हणमंता यायच्या आत. आगं, मांडवात सुदिक लपवली हिला! आसलं घर..."

हौसाबाई वन्संच्या तोंडाकडे बघत होती. ऐकू काहीच येत नव्हतं, पण ओठ कळत होते, नजर कळत होती. तिनं हळूच पदर डोक्यावरून पुढं ओढला, पिशवी उचलली आणि वन्संपुढं हात जोडले. लग्नात माझ्यापुढं जोडले होते तसेच. मग लेकीकडे बघून हातानं सांगितलं, ते मलाही कळलं. मी जाते, तू राहा.

वन्संचं चालूच होतं. मग मी गिरणीच्या खोलीत गेले आणि खटका ओढला.

पट्टा फिरायला लागला, घरघर वाढत वाढत सगळ्या घरात भरली. भांडी खडखडायला लागली. वन्संचं तोंड हलत होतं, हात नाचत होते, पण शब्द म्हणून एक ऐकू येत नव्हता. त्या दारात उभं राहून ओरडत होत्या आणि साऱ्या घरात मुक्या झाल्या होत्या.

हौसाबाई मात्र दचकून थांबली. तिनं पायांकडे बघितलं. फरशी थरथरत होती. ती दोन पावलं पुढं आली, गिरणीच्या पत्र्यावर तळवा ठेवला. आणि त्या रडक्या तोंडावर एकदम हसू आलं. जयमाला मोबाईल धरून हसायची, अगदी तसंच.

बाहेर दळणाला आलेल्या पारूनं दारातून चिमूट चोळून दाखवली. मी बघायच्या आत हौसाबाईनं बघितलं आणि मला चिमूट चोळून दाखवली. बारीक. मी मान हलवली, डबा ओतला.

मग मी आत गेले आणि पाण्याचा तांब्या भरून आणला. तिच्यापुढं धरला. तिनं मागं सरून हात जोडले, जयमालाकडे बोट केलं, मान हलवली. लेकीच्या घरचं पाणी ती कसं पिणार?

मी तांब्या खाली ठेवला. पिठाच्या हातानं माझी छाती थोपटली. वरच्या पत्र्याकडे हात केला, भिंतींकडे केला, गिरणीकडे केला, आणि परत छाती थोपटली. घर माझं आहे. मग तिच्याकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. ही खूण आमच्या गिरणीत नव्हती, माझी मीच तयार केली. पण तिला ती लागली. बहिणीच्या घरचं पाणी प्यायला कुणाची आडकाठी नसते.

तिनं तांब्या उचलला आणि घटाघटा प्याली. लुगड्यावर सांडलं तरी थांबली नाही. प्रवासभर घोटभर पाणी पोटात नव्हतं तिच्या.

दुपारी हणमंता आला. मी त्याला दारातच सगळं सांगितलं, वन्संनी सांगायच्या आत. तो जयमालाकडे वळला. "मला तरी सांगायचं हुतंस," म्हणाला, तेवढाच त्याचा राग. मग सासूच्या पाया पडला. वन्सं दुसऱ्या दिवशी आपल्या गावाला गेल्या. पुढं बारशाला आल्या ते बाळाच्या कानाशी टाळी वाजवून बघायलाच. नात अशी दचकली आणि अशी रडली की वन्संनाच पळावं लागलं. आता ती नात दिवसभर बोलते. कधी कधी मी गिरणी चालू करते ती दळणासाठी नाही, हिच्यापासून सुटका म्हणून.

हौसाबाईनं त्या भेटीत माझा नंबर आपल्या फोनात घालून घेतला. तेव्हापासून दिवेलागणीला आधी जयमालाची कंबर थरथरते, मग माझी. मी उचलत नाही. परत एक देते आणि कामाला लागते.

गेल्या साली एके दिवशी दिवे लागले आणि कुणाचीच कंबर थरथरली नाही. मी दिला, परत आला नाही. पुन्हा दिला, तर फोन बंद.

"बॅटरी उतरली असंल, आत्या," जयमाला म्हणाली. तिच्या मांडीवर धाकटं तापानं फणफणत होतं, तिला हलता येत नव्हतं. "उद्या बघू."

उद्या कसली बघते? संशय माझ्या रक्तातच आहे. सकाळी पहिल्या एसटीत मी बसले, हातात ती छापील पिशवी, पिशवीत दातांचा ब्रश आणि फडकं.

"काय मावशी, एवढ्या सकाळी?" कंडक्टरनं विचारलं. "काय झालं?"

"मिसकॉल आला न्हाय," मी म्हणाले.

पळसमळ्याला पोचले तर बाई अंगणात सुपापुढं बसलेली. सुपात फोन तीन तुकडे करून उन्हाला टाकलेला, बॅटरी एकीकडे, झाकण एकीकडे. शेजारी शेळी, आणि शेळीची पाण्याची बादली. काय झालं ते सांगायची गरज नव्हती. मला अंगणात बघून ती धडपडत उठली, तिचं तोंड पांढरं पडलं. कारण न बोलावता आलेलं माणूस म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

मी हातानं सांगायला गेले, सगळी बरी आहेत. पण माझ्याच्यानं आधी ते झालं नाही. मी पिशवी टाकली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजेडाकडे वळवलं. एक गाल बघितला, मग दुसरा.